ऱ्हाइनबेकचं पोस्ट: १९३९ साली बांधलेलं १७०० सालचं घर

न्यू जर्सीतली आणि न्यूयॉर्कमधली मराठी मंडळी ऑक्टोबर आला की पानांचे रंग बघायला गाड्या काढतात आणि हडसन नदीच्या कडेकडेने वर जातात. त्या वाटेवर ऱ्हाइनबेक नावाचं छोटं गाव लागतं. न्यूयॉर्क शहरापासून दीडशे-एकशेसाठ किलोमीटर. २०१० साली चेल्सी क्लिंटनचं लग्न इथे झालं तेव्हा चार दिवस जगभरच्या बातम्यांत गावाचं नाव होतं. गावाच्या चौकात बीकमन आर्म्स ही १७६६ सालापासूनची सराई आहे. लोक तिचे फोटो काढतात, कॉफी पितात आणि पुढे जातात. तिच्या शेजारच्या दगडी इमारतीकडे फारसं कुणी बघत नाही. बघितलंच तर वाटतं, असेल कुणा जुन्या डच जमीनदाराचं घर. अनघड दगडाच्या भिंती, उतरतं छप्पर, सगळा थाट घराचाच.

प्रत्यक्षात ते पोस्ट ऑफिस आहे. बांधलंय १९३९ साली, म्हणजे अमेरिकेतल्या महामंदीच्या शेवटच्या टप्प्यात, सरकारी पैशाने.

मंदीत सरकारकडे पैसा नसतो, असं आपण धरून चालतो. मग एवढ्याशा गावात पक्क्या दगडाचं पोस्ट बांधायला पैसा कुठून आला? आणि बांधायचंच होतं तर अडीचशे वर्षांपूर्वीच्या घरासारखं का? यातला पहिला प्रश्न हिशेबाचा आहे. दुसऱ्याचं उत्तर मात्र थेट एका माणसाच्या छंदापाशी जातं.

हिशेबापासून सुरुवात करू. १९२९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतला शेअर बाजार कोसळला. १९३३ पर्यंत परिस्थिती अशी झाली की काम करू शकणाऱ्या दर चार माणसांतला एक बेकार होता. हजारो बँका बुडाल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर गावागावातल्या लोकांची आयुष्यभराची बचत. आता अशा वेळी गवंड्याचं काय होतं बघा. कुणी घर बांधत नाही, म्हणून गवंडी घरी बसतो. गवंडी घरी बसला की दगडाची खाण बंद. खाण बंद म्हणून ट्रकवाला बसून. ट्रकवाल्याच्या घरात पैसा नाही म्हणून वाण्याची उधारी थकलेली, आणि वाणी घाऊक व्यापाऱ्याला पैसे देत नाही. प्रत्येक जण आपल्यापुरतं शहाणपणाने वागतोय, खर्च आवरतोय, आणि त्या शहाणपणापायीच गाडं आणखी रुतत चाललंय. ही साखळी कुठेतरी तोडायची तर कुणीतरी आधी खर्च करायला हवा, आणि ज्याला सध्या नफ्याची चिंता नाही असा खर्च करणारा एकच उरतो, सरकार. ते कर्ज काढून खर्च करू शकतं. शिवाय मजूर रिकामे आणि सामान स्वस्त असताना बांधलं तर इमारतही स्वस्तात पडते.

हा विचार फक्त राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा होता असं नाही. सरकारी इमारतींचा कार्यक्रम १९२६ सालच्या कायद्यापासूनच चालू होता, आणि त्यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी मंदीत तो वाढवला होता. रूझवेल्ट १९३३ साली आले आणि त्यांनी त्याचा आकार आणखी वाढवला.

पण पोस्टच का? कारण लहान गावात केंद्र सरकारचं तोंड दिसायचं ते फक्त पोस्टात. आणि तेही बहुतेक ठिकाणी भाड्याच्या खोलीत, किराणा दुकानाच्या एका कोपऱ्यात. १९१३ च्या कायद्याने अट घातली होती की पोस्टाचं वार्षिक उत्पन्न किमान १०,००० डॉलर असल्याशिवाय सरकारी इमारत मिळणार नाही. त्यामुळे शहरांना खांब-कमानींची भव्य पोस्टं मिळाली, आणि खेड्यात पोस्टमास्तर बदलला की कधीकधी पोस्टही त्याच्या दुकानात हलायचं. पोस्टमास्तर कोण होणार हे सत्तेतला पक्ष ठरवायचा, हेही त्यात आलं. अशा गावाला जेव्हा स्वतःच्या मालकीचं, पक्क्या भिंतींचं पोस्ट मिळालं, तेव्हा लोकांना ‘वॉशिंग्टनला आपण माहीत आहोत’ असं पहिल्यांदा वाटलं असणार. राजकारण्यांना हे कळत नव्हतं असं मानायचं काही कारण नाही.

आता एक गोंधळ निस्तरायला हवा. मंदीच्या काळातली कुठलीही इमारत किंवा भिंतीवरचं चित्र दिसलं की अमेरिकन लोकसुद्धा बिनदिक्कत ‘डब्ल्यूपीए’चं काम म्हणून मोकळे होतात. पोस्टांच्या बाबतीत ते बहुतेक वेळा चूक असतं. त्या काळी अशा कामांची वेगवेगळी खाती होती. महाराष्ट्रातल्या वाचकाला यातला फरक अमेरिकन माणसापेक्षा लवकर कळेल, कारण आपण बहात्तरचा दुष्काळ ऐकलेला आहे. रोजगार हमीचं काम म्हणजे माणूस हाताला काम मागतोय म्हणून काढलेलं काम. खडी फोडा, पाझर तलाव खोदा, रस्त्यावर माती टाका. तिथे आधी माणूस, मग काम. डब्ल्यूपीए, म्हणजे १९३५ चं वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन, त्या जातीचं. आठ वर्षांत त्याने साधारण ८५ लाख माणसांना मजुरी दिली. त्याच्या शेजारी पीडब्ल्यूए, म्हणजे १९३३ चं पब्लिक वर्क्स ॲडमिनिस्ट्रेशन. त्याची पद्धत आपल्या बांधकाम खात्याच्या टेंडरसारखी. मोठी धरणं, पूल, शाळा कंत्राटदाराकडून बांधून घ्यायच्या. माणसं कंत्राटदार लावेल ती. आणि पोस्टाच्या इमारती बांधायचं खातं तिसरंच, चक्क अर्थखातं, तिथल्या भाषेत ट्रेझरी. सरकारी इमारतींचे नकाशे काढणारं ‘सुपरवायझिंग आर्किटेक्ट’चं ऑफिस पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे होतं. थोडक्यात, ऱ्हाइनबेकचं पोस्ट हे दुष्काळी काम नाही. ते नेहमीच्या सरकारी पद्धतीने बांधलेलं, पण मंदीच्या निमित्ताने मिळालेलं पोस्ट आहे.

ट्रेझरीच्या त्या ऑफिसात छोट्या पोस्टांचे ठरलेले नकाशे असत. एक अंगकाठी, वर वेगवेगळे कपडे. दारातून आत आलं की आडवी लॉबी, समोर काउंटरच्या खिडक्या आणि पितळी दारांच्या भाड्याच्या टपालपेट्या, एका टोकाला पोस्टमास्तरची खोली, मागे टपाल निवडायची मोठी खोली, त्याच्या मागे गाडी लावायचा धक्का. त्या काळच्या पोस्टांतली एक गोष्ट मला फार आवडते. टपाल निवडायच्या खोलीच्या वर, छताला लागून, एक बंदिस्त अरुंद बोळ असायचा, आणि त्याला फटी. पोस्टाचा तपासनीस कुणाला न कळता त्यात चढून बसायचा आणि खाली कोण पाकिटं उघडून नोटा काढतंय का ते बघायचा. कर्मचाऱ्यांना बोळ दिसायचा. आत्ता त्यात कुणी आहे की नाही, ते कळायचं नाही. सीसीटीव्हीचं काम लाकूड आणि अंधारावर भागवलेलं.

तर कपडे वेगवेगळे. न्यू इंग्लंडमध्ये विटांचे, नैऋत्येला मातीच्या रंगाचे. आणि हडसनच्या खोऱ्यात काय घालायचं, हे ठरवायला खुद्द राष्ट्राध्यक्ष बसले होते.

रूझवेल्ट यांचं घर हाइड पार्कला, ऱ्हाइनबेकपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर. पूर्वज डच. राष्ट्राध्यक्ष होण्याच्या आधी त्यांनी हाइड पार्कचा अधिकृत ‘गाव-इतिहासकार’ म्हणून काम केलेलं, हडसन खोऱ्यातल्या जुन्या डच घरांवरच्या एका पुस्तकाला १९२९ साली प्रस्तावना लिहिलेली. डच शेतकऱ्यांनी सतराव्या-अठराव्या शतकात बांधलेली ती घरं म्हणजे नांगराला लागून वर आलेले, न घडवलेले दगड, जाड भिंती आणि कसलीही नक्षी नाही. रूझवेल्ट यांचं त्या दगडावर इतकं प्रेम की १९३८-३९ मध्ये त्यांनी स्वतःसाठी टॉप कॉटेज हे घर त्याच दगडात बांधलं आणि नकाशावर आर्किटेक्ट म्हणून स्वतःचं नाव घातलं. खरा आर्किटेक्ट हेन्री टूम्ब्स खाली ‘असोसिएट’. व्यावसायिक आर्किटेक्टना हे रुचलं नाही, आणि ते साहजिकच होतं.

अशा माणसाच्या हाती देशाचा इमारत-कार्यक्रम आला. पोकिप्सी, वॅपिंगर्स फॉल्स, ऱ्हाइनबेक, हाइड पार्क, नदीपलीकडचं एलेनव्हिल: एकामागून एक पोस्टं खोऱ्यातल्या दगडात उभी राहिली, आणि अनेकांसाठी एखादी जुनी स्थानिक इमारत नमुना म्हणून शोधून काढली. पोकिप्सीला जुनं कोर्ट, हाइड पार्कला एका डॉक्टराचं नामशेष झालेलं घर. ऱ्हाइनबेकच्या वाट्याला आलं किप यांचं घर.

किप बंधू डच. त्यांनी १६८६ साली इथली जमीन मूळ रहिवाशांकडून घेतली, आणि १७०० च्या सुमाराला हेन्ड्रिक किपने नदीजवळ दगडी घर बांधलं. पुढे ते बीकमन घराण्याकडे आणि मग हीरमन्स यांच्याकडे गेलं. दोनशे दहा वर्षं उभं राहून १९१० साली ते जळालं. उरल्या त्या काळवंडलेल्या भिंती, त्यात झुडपं. ज्याला आपण ‘पडीक वाडा’ म्हणतो ते.

आर्किटेक्ट होते रुडॉल्फ स्टॅनली-ब्राउन. राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांचे नातू. हे सहज म्हणून सांगतो. त्यांनी किप यांच्या घराचा बाहेरचा आकार घेतला आणि आत पोस्ट बसवलं. आणि त्या पडक्या घराचे काही दगड आणून नव्या भिंतीत लावले.

हे दगड लावणं मला या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात बोलकं वाटतं. आपल्याकडे जुना वाडा पाडताना खांब, तुळया, कोरीव दरवाजे विकले जातात आणि मग ते कुठल्या तरी रिसॉर्टच्या रिसेप्शनला लागतात. तिथे लाकूड खरं असतं आणि वाडा खोटा. इथेही मामला थोडा तसाच आहे. दगड खरे आहेत, जागा खरी नाही, घर घर नाही. इतिहासाच्या शिस्तीचा माणूस याला नक्कल म्हणेल आणि त्याचं चूक नाही. पण दुसरीकडे हेही खरं की १९३० च्या दशकात त्या अवशेषांसाठी कुणी एक पैसा वेगळा काढणार नव्हतं. पोस्टाच्या निमित्ताने निदान घराचा आकार आणि थोडे दगड गावात राहिले. मला विचाराल तर नक्कल आहे हे सांगून केलेली नक्कल मला चालते.

समारंभ झाला १ मे १९३९ ला. आदल्या दिवशी रूझवेल्ट यांनी न्यूयॉर्कमध्ये जागतिक प्रदर्शनाचं उद्घाटन केलं होतं, आणि त्यानिमित्ताने टेलिव्हिजनवर दिसलेले ते पहिले अमेरिकन राष्ट्राध्यक्ष ठरले होते. दुसऱ्या दिवशी हे खेड्यातल्या पोस्टाच्या दारात. बरोबर डेन्मार्कचे युवराज फ्रेडरिक आणि युवराज्ञी इन्ग्रिड, जे तेव्हा अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. अर्थमंत्री हेन्री मॉर्गेंथाऊसुद्धा हजर. रूझवेल्ट यांच्या भाषणाचा गाभा असा होता की सरकारी इमारत घटकेच्या लहरीप्रमाणे बांधू नये, टिकेल अशी बांधावी, त्या जागेच्या इतिहासाला धरून आणि तिथेच मिळणाऱ्या सामानातून. म्हणून या जिल्ह्यात शेतातला दगड. अकरा महिन्यांनी जर्मन फौजा डेन्मार्कमध्ये शिरल्या. समारंभाच्या दिवशी ऱ्हाइनबेकच्या लोकांना मात्र राजपुत्र आणि राष्ट्राध्यक्ष आपल्या पोस्टात आलेत, एवढंच पुरेसं असणार.

इथे जरा थांबून शंका काढायला हवी. राष्ट्राध्यक्ष डचेस काउंटीचे, म्हणजे ऱ्हाइनबेक ज्या जिल्ह्यात येतं त्याच जिल्ह्याचे. पोस्टांचा खर्च करणारे अर्थमंत्री मॉर्गेंथाऊ, त्यांची सफरचंदाची बाग त्याच काउंटीत. आतली चित्रं काढणारा ओलिन डाऊज ऱ्हाइनबेकचाच. म्हणजे मंत्री आपला, खातं आपलं, चित्रकार आपल्या गावचा. आपल्याकडे याला काय म्हणतात ते लिहायची गरज नाही. देशात इतरत्रही शेकडो गावांना पोस्टं मिळाली, पण स्वतः राष्ट्राध्यक्षांनी दगड निवडलेली पोस्टं याच खोऱ्यात आहेत.

चित्रांकडे येऊ, कारण या पोस्टांची खरी गंमत आत आहे. ट्रेझरीने १९३४ च्या ऑक्टोबरात एक विभाग काढला. आधी त्याचं नाव ‘सेक्शन ऑफ पेंटिंग अँड स्कल्प्चर’, पुढे ‘सेक्शन ऑफ फाइन आर्ट्स’. प्रमुख एडवर्ड ब्रूस, स्वतः वकील, व्यापारी आणि चित्रकार असे तिन्ही. इमारतीच्या खर्चातला साधारण एक टक्का चित्रासाठी किंवा शिल्पासाठी बाजूला काढायचा, अशी पद्धत. हे गरीब चित्रकारांना मदत म्हणून नव्हतं; बेकार चित्रकारांसाठीची योजना डब्ल्यूपीएची वेगळी होती. इथे स्पर्धा व्हायच्या. चित्रकाराने कच्चा आराखडा पाठवायचा, त्यावर नाव नाही. नाव बंद पाकिटात. निवड झाली की पैसे तीन हप्त्यांत: आराखडा मंजूर झाल्यावर, पूर्ण मापाचं रेखाटन झाल्यावर आणि चित्र भिंतीवर चढल्यावर. छोट्या पोस्टासाठी एकूण ७०० डॉलरच्या आसपास मिळायचे, रंग, कापड, प्रवास सगळं त्यातच.

जागा बहुतेक ठरलेली: पोस्टमास्तरच्या दाराच्या वर. चित्रकार आपल्या स्टुडिओत कॅनव्हासवर तैलरंगात काम करायचा, गुंडाळी करून आगगाडीने गावात आणायचा आणि शिडीवर चढून पांढऱ्या शिशाच्या लेपाने भिंतीला चिकटवायचा. खाली पोस्ट चालूच. तिकिटं घ्यायला आलेला शेतकरी मान वर करून सांगायचा की घोड्याचं जू असं नसतं. ट्रेझरीच्या फायली अशा तक्रारींनी भरल्या आहेत, आणि विभाग त्यांची दखल घ्यायचा. चित्रकाराने गावात जावं, लोकांशी बोलावं, असा त्यांचा आग्रहच असायचा. १९४३ मध्ये विभाग बंद होईपर्यंत अशी १,४०० च्या आसपास कामं झाली, हजाराहून अधिक गावांत.

ऱ्हाइनबेकला एक चित्र नाही, बारा फलक आहेत. १९४० साली डाऊज यांनी लॉबीच्या भिंतींच्या वरच्या भागात गावाचा इतिहास पट्टीसारखा फिरवला. डाऊज श्रीमंत घरातले, ट्रेझरीच्या कला-कार्यक्रमात अधिकारी होते, आणि नंतर हाइड पार्कच्या पोस्टातही त्यांनीच चित्रं काढली. तिथे तर रूझवेल्टच आहेत, गाडीत बसून शाळेचा नकाशा बघताना.

पण गावाचा इतिहास भिंतीवर काढायचा म्हणजे कुणाचा, हा प्रश्न सगळीकडे इतक्या गोडीत सुटला नाही. त्यासाठी ऱ्हाइनबेक सोडून देशाच्या दुसऱ्या टोकाला, आयडाहोतल्या केलॉग या खाणगावात जावं लागतं. १९३९ साली विभागाने ४८ राज्यांतल्या ४८ छोट्या पोस्टांसाठी एक देशव्यापी स्पर्धा घेतली. तेव्हा राज्यं तेवढीच होती. परीक्षकांत हेच ओलिन डाऊज. केलॉगसाठी फ्लेचर मार्टिन यांचा आराखडा निवडला गेला: अपघातात सापडलेल्या खाण कामगाराला दोन सोबती स्ट्रेचरवरून बाहेर काढतायत. खाण मालकांच्या बाजूच्या लोकांनी आक्षेप घेतला. गावाची ओळख अपघात म्हणून का दाखवायची, लोकांना रोज ते दुःख का बघायला लावायचं? कामगार युनियनने उलट सांगितलं की हेच चित्र लावा, हे आमचं आयुष्य आहे. दोन्ही बाजूंचं म्हणणं वॉशिंग्टनला पोहोचलं. विभागाने मार्टिन यांना विषय बदलायला सांगितलं. १९४१ साली भिंतीवर चढलं ते वेगळंच चित्र: नोआ केलॉग आणि त्याचं गाढव. गावाची दंतकथा अशी की १८८५ साली केलॉगचं गाढव सुटून पळालं आणि ते ज्या डोंगरावर सापडलं तिथेच खनिजाची शीर होती. गाढवाबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

ऱ्हाइनबेक आणि केलॉग शेजारी शेजारी ठेवले की ही योजना मला नीट कळते. पैसा वॉशिंग्टनचा, खरा. पण कुठलं घर आठवायचं, कुठला माणूस भिंतीवर आणि कुठला नाही, हे शेवटी गावात ज्याचं चालतं तोच ठरवायचा. ऱ्हाइनबेकमध्ये ज्याचं चालत होतं तो देशाचा राष्ट्राध्यक्ष होता आणि त्याला दगडी डच घरं आवडायची, एवढाच फरक.

इमारतीचं पुढे फार काही नाट्यमय झालं नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातल्या जुन्या पोस्टांची एकत्र नोंद ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत झाली, त्यात हेही आलं. पत्रं कमी झाली, पार्सलं वाढली. पोस्ट अजून पोस्टच आहे.

पुढच्या ऑक्टोबरात जाणार असाल तर बीकमन आर्म्ससमोर गाडी लावा आणि शेजारी चालत जा. आधी बाहेरून दगड बघा, मग आत जाऊन वर, कारण फलक डोक्यापेक्षा बरेच उंच आहेत आणि नुसतं तिकीट घेऊन निघालात तर चुकतील. फक्त रविवारी जाऊ नका. रविवारी पोस्ट बंद असतं.